ग्रिम लसूणघास

ग्रिम लसूणघास हा लसूणघास या बहुवर्षायू चारापिकाचा कडाक्याची थंडी सोसणारा एक ऐतिहासिक वाण आहे. जर्मनीतील बाडेन प्रांतातून अमेरिकेत स्थलांतरित झालेले शेतकरी वेंडेलिन ग्रिम (१८१८–१८९०) यांनी मिनेसोटा राज्यातील कार्व्हर परगण्यात १८५८ पासून पुढे अनेक वर्षे बी राखून आणि पुन्हा पेरून हा वाण घडविला. उत्तर अमेरिकेतील थंड प्रदेशात टिकून राहिलेला पहिला लसूणघास म्हणून त्याला मान्यता मिळाली. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेची उत्तरेकडील राज्ये आणि कॅनडाचा गवताळ प्रदेश यांतील पशुपालनाला व दुग्धव्यवसायाला या वाणाचा मोठा आधार झाला. वनस्पतिप्रजननशास्त्राचे औपचारिक शिक्षण नसलेल्या शेतकऱ्याने केवळ चिकाटीने आणि निरीक्षणाने घडविलेल्या पिकाचे उदाहरण म्हणून कृषिविज्ञानाच्या इतिहासात ग्रिम लसूणघासाचा उल्लेख केला जातो.

पिकाची ओळख

लसूणघास ही शिंबावंत, म्हणजे शेंगा धरणाऱ्या कुळातील वनस्पती आहे. तिचे शास्त्रीय नाव मेडिकागो सटायव्हा असे आहे. महाराष्ट्रात शेतकरी तिला अनेकदा नुसते 'घास' म्हणतात. युरोपात ती ल्यूसर्न आणि अमेरिकेत अल्फाल्फा या नावाने ओळखली जाते. नावात 'घास' असला तरी ते गवत नव्हे. मेथीप्रमाणे तिला तीन-तीन पर्णिकांची पाने येतात आणि सामान्यतः जांभळ्या फुलांचे तुरे लागतात. शेंगा गोगलगाईच्या शंखासारख्या वळलेल्या असतात.

या पिकाचे मूळ स्थान इराण, आशिया मायनर आणि त्यांच्या आसपासच्या प्रदेशात मानले जाते. 'मेडिकागो' हे नाव प्राचीन मीड लोकांच्या देशावरून आले आहे. 'अल्फाल्फा' हा शब्द अरबीतून स्पॅनिश भाषेमार्गे अमेरिकेत रूढ झाला.

चारापिकांमध्ये लसूणघासाला विशेष स्थान असण्याची कारणे तीन आहेत. पहिले कारण पोषणाचे. वाळलेल्या घासात साधारणपणे १५ ते २२ टक्के प्रथिने असतात. त्यामुळे दुभत्या जनावरांना धान्य किंवा पेंड कमी देऊन भागते. दुसरे कारण जमिनीच्या सुपीकतेचे. या वनस्पतीच्या मुळांवर गाठी असतात आणि त्यांतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. म्हणून या पिकाला नत्रखताची गरज फारशी भासत नाही आणि त्यानंतर घेतलेल्या पिकालाही लाभ होतो. तिसरे कारण टिकाऊपणाचे. याचे सोटमूळ जमिनीत अनेक फूट खोल जाते. त्यामुळे पावसाने ओढ दिली तरी पीक तग धरते. एकदा पेरल्यावर ते अनेक वर्षे राहते आणि एकाच हंगामात त्याच्या अनेक कापण्या मिळतात.

हा तिसरा गुण थंड प्रदेशात मात्र हमखास मिळत नाही. हिवाळ्यात बुडखे गोठून मेले, तर बहुवर्षायू पीकही एका वर्षातच संपते. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत पसरलेला लसूणघास मुख्यतः चिली देशातून कॅलिफोर्नियात आलेल्या बियाण्यापासूनचा होता. चिलीत तो स्पॅनिश वसाहतकारांबरोबर पोहोचला होता. सौम्य हवामानात वाढलेला हा घास अमेरिकेच्या कोरड्या पश्चिम भागात चांगला रुजला. उत्तरेकडील राज्यांत मात्र तो हिवाळ्यात मरून जाई. त्यामुळे उत्तरेत लसूणघास होऊ शकत नाही, असा समज दृढ झाला होता.

वेंडेलिन ग्रिम यांचे स्थलांतर

वेंडेलिन ग्रिम यांचा जन्म १८१८ साली बाडेनच्या उत्तर भागातील क्यूल्सहाइम या गावी झाला. हा परिसर टाउबर नदीच्या खोऱ्याजवळ आहे. तेथील शेतकरी लसूणघासाचे पीक पिढ्यान्‌पिढ्या घेत असत. तेथील घास पुढे 'जुना फ्रँकोनियन ल्यूसर्न' या नावाने शास्त्रीय ग्रंथांत नोंदला गेला.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दक्षिण-पश्चिम जर्मनीतून फार मोठ्या प्रमाणात स्थलांतर झाले. वारसाहक्काच्या वाटण्यांमुळे शेतांचे लहान लहान तुकडे पडले होते. १८४० च्या दशकात पिके बुडाली. १८४८–४९ च्या राजकीय उठावांनंतर अस्थिरताही आली. या काळात हजारो कुटुंबांनी अमेरिकेची वाट धरली. ग्रिम यांनी वयाच्या चाळिशीच्या उंबरठ्यावर, १८५७ साली, पत्नी जुलियाना आणि मुलांसह देश सोडला. त्यांचे कुटुंब मिनेसोटातील चास्का या गावाजवळ, कार्व्हर परगण्यातील लेकटाउन भागात स्थायिक झाले. मिनेसोटा त्या वेळी अद्याप राज्य झाले नव्हते. राज्याचा दर्जा त्याला पुढच्या वर्षी, मे १८५८ मध्ये मिळाला.

सामानाबरोबर ग्रिम यांनी लसूणघासाचे थोडे बी आणले होते. त्याचे वजन सुमारे १५ ते २० पौंड, म्हणजे सात ते नऊ किलो असल्याचे सांगितले जाते. एखाद्या एकरातील पेरणीला पुरेल इतकेच ते होते. या पिकाला ते आपल्या भाषेत 'एविगर क्ले' म्हणत. 'क्ले' म्हणजे क्लोव्हर ही तीन पानांची वैरण, आणि 'एविगर' म्हणजे सदैव टिकणारी. एकदा पेरले की वर्षानुवर्षे उगवत राहणारे पीक, असा त्या नावाचा भाव होता.

तत्कालीन परिस्थिती

ग्रिम यांचे शेत ज्या भागात होते तो भाग मिनियापोलिस शहराच्या नैर्ऋत्येस, दाट पानझडी जंगलाचा आणि लहानमोठ्या तळ्यांचा होता. नवागत कुटुंबांना झाडे तोडून, बुंधे उपटून जमीन लागवडीखाली आणावी लागे. हिवाळा दीर्घ असे. तापमान शून्याखाली ३० अंश सेल्सिअसपर्यंत आणि कधी त्याहूनही खाली जाई. जनावरांना अनेक महिने साठविलेल्या वैरणीवर जगवावे लागे. वैरण अपुरी पडली तर दूध, खत आणि ओढकामाची शक्ती ही तिन्ही एकदम घटत. म्हणून चाऱ्याचा प्रश्न कुटुंबाच्या निर्वाहाशी थेट जोडलेला होता.

राज्यातील बहुसंख्य शेतकऱ्यांनी पुढील दोन दशकांत गव्हाचा मार्ग धरला. १८७० च्या दशकाच्या अखेरीस मिनेसोटातील लागवडीखालील जमिनीपैकी निम्म्याहून पुष्कळ अधिक जमीन एकट्या गव्हाखाली होती. या एकपीक पद्धतीने जमिनीचा कस घटला. तांबेरा आणि किडी वाढल्या. १८७३ ते १८७७ या काळात राज्याच्या नैर्ऋत्य भागात टोळधाडींनी पिके फस्त केली. यानंतर शेतकरी हळूहळू मिश्र शेतीकडे आणि दुग्धव्यवसायाकडे वळले. या बदलाला चांगल्या वैरणीची जोड आवश्यक होती. ग्रिम यांच्या शेतात ती आधीपासूनच तयार होत होती, पण परगण्याबाहेर तिची वार्ता पोहोचली नव्हती.

निवडीची वर्षे

ग्रिम यांनी आणलेले बी १८५८ च्या वसंतात पेरले. पहिल्या हिवाळ्यांत पुष्कळ रोपे मेली. काही मात्र वाचली. ग्रिम यांनी वाचलेल्या रोपांचे बी धरले आणि तेच पुन्हा पेरले. पुढील हिवाळ्यात पुन्हा काही रोपे गेली आणि जी राहिली त्यांचे बी पुन्हा धरण्यात आले. हा क्रम वर्षानुवर्षे चालू राहिला. प्रत्येक फेरीनंतर वाचणाऱ्या रोपांचे प्रमाण वाढत गेले. अखेर त्या शेतातील घास मिनेसोटाचा हिवाळा नियमितपणे पार करू लागला.

ही कृती वाचताना सोपी वाटते. तिच्यातील अडचण समजण्यासाठी चारापिकाचा व्यवहार लक्षात घ्यावा लागतो. घास चाऱ्यासाठी कापायचा असतो तेव्हा तो फुले येण्याच्या सुमारास कापतात, कारण त्या वेळी पाने कोवळी आणि पौष्टिक असतात. बी धरायचे असेल तर ते पीक तसेच उभे ठेवावे लागते. फुलोरा येऊन, शेंगा भरून, त्या वाळेपर्यंत थांबावे लागते. म्हणजे जितक्या जागेत बी धरायचे, तितक्या जागेतील वैरणीवर त्या वेळी पाणी सोडावे लागते. थंडीने आधीच विरळ झालेल्या शेतातून, जनावरांची गरज समोर असताना, उरलेली झाडे न कापता राखणे हा सोपा निर्णय नव्हता. शिवाय पीक उत्पन्न देईल याची खात्री पहिल्या अनेक वर्षांत कोणीच देऊ शकत नव्हते.

ग्रिम यांच्या या प्रयत्नांच्या सुरुवातीच्या काळातच, १८५९ मध्ये, चार्ल्स डार्विन यांचा जीवजातींच्या उत्पत्तीविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ग्रेगोर मेंडेल यांचा वाटाण्यावरील प्रयोगांचा निबंध १८६६ चा आहे आणि त्याकडे जगाचे लक्ष १९०० नंतरच गेले. ग्रिम यांची पद्धत या सिद्धान्तांवर आधारलेली नव्हती. उत्तम बियाणे राखण्याचा जो परंपरागत संस्कार शेतकऱ्यांत असतो, तोच तिच्या मुळाशी होता. गावाकडून आणलेले पीक नव्या भूमीत रुजले पाहिजे, हा आग्रह त्यामागे होता.

शेजाऱ्यांमध्ये प्रसार

या घासासंबंधी एक आख्यायिका मिनेसोटात प्रचलित आहे. १८६० च्या दशकातील एका कोरड्या वर्षी परिसरातील चारा वाळून गेला होता. ग्रिम यांची जनावरे मात्र धष्टपुष्ट दिसत होती. शेजारच्या शेतकऱ्याने, एवढा मका कोठून आणलास, असे त्यांना विचारले. मक्याचा एक दाणाही दिलेला नाही, जनावरे केवळ एविगर क्लेवर पोसली आहेत, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. आख्यायिकेचा तपशील कसाही असो, खोल मुळांच्या पिकाने अवर्षणात तग धरावा हे त्या वनस्पतीच्या स्वभावाला धरूनच आहे.

त्यानंतर परिसरातील इतर शेतकरी, त्यांतही प्रामुख्याने जर्मन भाषक कुटुंबे, ग्रिम यांच्याकडून बी नेऊ लागली. हळूहळू कार्व्हर परगण्यात या घासाची शेते वाढली. तरीही पुढील सुमारे तीन दशके ही माहिती परगण्याच्या आसपासच राहिली. स्थानिक शेतकरी पिकाला 'सदैव टिकणारे क्लोव्हर' म्हणत असल्यामुळे बाहेरच्या माणसाला ते अल्फाल्फा असल्याचे कळत नसे. वसाहतीचा आपसातील व्यवहारही बराचसा जर्मन भाषेत चाले. उत्तरेत अल्फाल्फा येत नाही असे कृषितज्ज्ञ मानत असताना त्यांच्याच राज्यात तो वर्षानुवर्षे कापला जात होता.

वेंडेलिन ग्रिम यांचे १८९० मध्ये निधन झाले. आपल्या नावाचा वाण देशभर प्रसिद्ध झालेला त्यांनी पाहिला नाही.

शास्त्रीय दखल

कार्व्हर परगण्यालगतच्या एक्सेलसियर या गावातील आर्थर बी. लायमन यांच्या लक्षात हा घास आला. हिवाळ्यानंतरही जोमाने वाढणारी शेते पाहून त्यांनी १९०० च्या सुमारास मिनेसोटा विद्यापीठाच्या कृषी संशोधन केंद्रातील प्राध्यापक विलेट एम. हेज यांना त्याची माहिती दिली. लायमन पुढे स्वतः या बियाण्याचे मोठे उत्पादक व विक्रेते झाले.

हेज हे वनस्पतिप्रजननाच्या क्षेत्रातील अग्रणी होते. १९०३ मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन ब्रीडर्स असोसिएशन या संस्थेच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता आणि नंतर ते अमेरिकेच्या कृषिखात्याचे सहायक सचिव झाले. त्यांनी कार्व्हर परगण्यातील बियाण्याची केंद्रात चाचणी घेतली. इतर ठिकाणांहून आणलेला लसूणघास जेथे थंडीने मेला तेथे हा घास टिकला. या वाणाला मूळ शेतकऱ्याचे 'ग्रिम' हे नाव मिळाले आणि तेच रूढ झाले.

अमेरिकेच्या कृषिखात्यातील चार्ल्स जे. ब्रँड यांनी या वाणाचा सविस्तर अभ्यास केला. बियाण्याचा माग काढताना त्याचे मूळ बाडेनमधील जुन्या फ्रँकोनियन ल्यूसर्नमध्ये असल्याचे त्यांनी दाखविले. ग्रिम वाणाविषयीची त्यांची पुस्तिका कृषिखात्याने १९११ मध्ये प्रसिद्ध केली. त्याआधी १९१० मध्ये याच खात्यातील जे. एम. वेस्टगेट यांची विविधरंगी फुलांच्या लसूणघासावरील पुस्तिका प्रसिद्ध झाली होती. या दोन अभ्यासांमुळे ग्रिम वाणाच्या काटकपणाची कारणमीमांसा सुरू झाली.

काटकपणाचे मूळ : निवड आणि संकर

ग्रिम लसूणघासाच्या शेतात एक वैशिष्ट्य सहज दिसे. सर्व झाडांची फुले सारखी जांभळी नसत. काही निळसर, काही हिरवट, काही धुरकट, तर काही पिवळी असत. या रंगवैविध्यामुळे त्याची गणना 'विविधरंगी' लसूणघासात होते.

पिवळी फुले हा मेडिकागो फाल्काटा या जवळच्या वनस्पतीचा गुण आहे. ही वनस्पती युरोपच्या थंड भागांपासून सायबेरियापर्यंत आढळते आणि ती अतिशय काटक असते. जांभळ्या फुलांचा लसूणघास व ही पिवळ्या फुलांची जाती यांचा सहज संकर होतो. ग्रिम यांनी आणलेल्या बियाण्यात असा जुना नैसर्गिक संकर उतरलेला होता. म्हणजे थंडी सोसण्याचे काही गुणधर्म त्या पिशवीतच होते.

मग प्रश्न असा उपस्थित झाला, की काटकपणाचे श्रेय मूळच्या संकराला द्यावे, की मिनेसोटातील दीर्घ निवडीला. वेस्टगेट यांनी संकरावर भर दिला. ब्रँड यांनी नव्या हवामानाशी झालेल्या अनुकूलनाला महत्त्व दिले. आजच्या आनुवंशिकीच्या दृष्टीने पाहता या दोन्ही गोष्टी परस्परपूरक ठरतात. निवड ही नवे गुणधर्म निर्माण करीत नाही, ती समूहात आधीच असलेल्या गुणधर्मांतून वेचणी करते. बियाण्यात विविधता नसती, तर पहिल्याच कडक हिवाळ्यात सर्व रोपे मेली असती आणि वेचण्यासारखे काही उरले नसते. उलट, विविधता असूनही कोणी बी राखले नसते, तर काटक रोपे शेवटी शेतातच वठून गेली असती.

लसूणघासाच्या परागीभवनाच्या पद्धतीनेही येथे साहाय्य केले. या पिकात मुख्यतः मधमाश्यांच्या मार्फत परपरागीभवन होते. मधमाशी फुलावर बसली की आत दडपलेला पुंकेसर-स्त्रीकेसरांचा दांडा झटक्याने बाहेर येतो आणि परागकण माशीच्या अंगाला लागतात. त्यामुळे शेतातील प्रत्येक झाड आनुवंशिकदृष्ट्या वेगळे असते. कमकुवत रोपे हिवाळ्यात मेल्यावर फुलोऱ्याच्या वेळी वाचलेल्या रोपांचाच आपसांत संकर होई. मातृवृक्ष व पितृवृक्ष दोन्ही काटक असल्याने पुढच्या पिढीत तो गुण अधिक गडद होत गेला. पीक बहुवर्षायू असल्यामुळे एकच रोप अनेक हिवाळ्यांच्या कसोटीतून जाई, हाही एक लाभ होता.

थंडी सोसण्याची यंत्रणा

थंड प्रदेशात लसूणघासाचा जमिनीवरील भाग दरवर्षी वाळतो. जिवंत राहतो तो मुळे आणि खोड यांच्या संधीवरील बुडखा. त्याच्यावरील डोळ्यांतून वसंतात नवे फुटवे येतात. म्हणून पिकाचे जगणे हे बुडख्याच्या रक्षणावर अवलंबून असते.

काटक वाणांत दिवस लहान होऊ लागताच वाढ मंदावते. दुबळे वाण शरद ऋतूतही पाने काढीत राहतात आणि आपली शिल्लक खर्च करून बसतात. काटक वाण तोच अन्नसाठा पिष्ट व प्रथिनांच्या रूपाने सोटमुळात साठवितात. थंडी वाढू लागली की पिष्टाचा काही भाग शर्करेत बदलतो. शर्करेमुळे पेशींतील द्रावाचा गोठणबिंदू खाली जातो आणि पेशींच्या पटलांचे रक्षण होते. या क्रियेला पीक 'कणखर होणे' असे म्हणता येईल.

ग्रिम वाणाचा बुडखा जमिनीत तुलनेने खोल बसलेला असे आणि मुळांना फाटे अधिक असत. हे दोन्ही गुण पिवळ्या फुलांच्या पूर्वजाकडून आलेले मानले जातात. जमिनीतील पाणी गोठून फुगले की ते झाडाला वर ढकलते आणि सरळ सोटमूळ तुटते. फाटे असलेल्या मुळांना हा धोका कमी असतो. हिमाचे जाड आवरणही पिकाला लाभदायक ठरते, कारण त्याखाली जमिनीचे तापमान हवेइतके खाली जात नाही. याच कारणासाठी थंड प्रदेशातील शेतकरी शरद ऋतूत उशिरा कापणी करणे टाळतात. उरलेल्या धांड्यांमध्ये हिम अडकून राहते आणि मुळांतील साठाही भरून निघतो.

विस्तार आणि बियाण्याची शुद्धता

विसाव्या शतकाच्या आरंभी मिनेसोटात लसूणघासाचे क्षेत्र अगदी नगण्य होते. १९३० च्या सुमारास ते काही लाख एकरांपर्यंत गेले. उत्तर व दक्षिण डाकोटा, मोंटाना, विस्कॉन्सिन या राज्यांत आणि कॅनडाच्या अल्बर्टा आदी प्रांतांत ग्रिम वाणाची लागवड पसरली. गव्हाच्या एकपीक पद्धतीतून बाहेर पडणाऱ्या शेतकऱ्यांना त्यामुळे दूधव्यवसायाचा पर्याय मिळाला आणि थकलेल्या जमिनीला नत्राची जोड मिळाली.

मागणी वाढताच फसवणुकीचा प्रश्न पुढे आला. लसूणघासाच्या निरनिराळ्या वाणांचे बी दिसायला सारखेच असते. स्वस्तातले बी 'ग्रिम' म्हणून विकले, तर ते ओळखण्याचा मार्ग खरेदीदाराजवळ नसे. खरेखोटे कळे ते पहिल्या हिवाळ्यानंतर, शेत मेल्यावर. त्यामुळे शेतांची पाहणी करून बियाण्याच्या वंशाची नोंद ठेवण्याची आणि ते प्रमाणित करण्याची व्यवस्था महत्त्वाची ठरली. परदेशांतून आलेले बी ओळखू यावे यासाठी अमेरिकेत १९२६ मध्ये कायदा झाला आणि आयात होणाऱ्या लसूणघासाच्या व तांबड्या क्लोव्हरच्या बियाण्याचा काही अंश रंगविणे बंधनकारक करण्यात आले.

मर्यादा आणि उत्तराधिकारी वाण

१९२० च्या दशकात लसूणघासावर जिवाणुजन्य मर रोग पसरू लागला. या रोगाचे जिवाणू मुळांतील जलवाहिन्या बंद करतात आणि पीक दोन-तीन वर्षांत विरळ होते. ग्रिम वाण थंडीला काटक असला तरी या रोगाला बळी पडत असे. मिनेसोटातील हिवाळ्याने त्याची निवड थंडीच्या कसोटीवर केली होती. जो रोग त्या शेतात नव्हताच, त्याच्याविरुद्ध निवड होण्याचा प्रश्नच नव्हता. निवडीने घडलेल्या कोणत्याही वाणाची ही स्वाभाविक मर्यादा आहे.

यावर उपाय शोधताना संशोधकांनी आशियातील बियाण्यांचा आधार घेतला. त्यांत एक बियाणे भारतातील होते. लडाखमधून १९१० मध्ये अमेरिकेत नेलेल्या बियाण्यापासून 'लडाक' हा वाण तयार झाला होता. उंच, थंड व कोरड्या प्रदेशातील या घासात थंडीबरोबरच मर रोगाला तोंड देण्याचीही क्षमता होती. लडाक, तुर्कस्तानी आणि कोसॅक या बियाण्यांतून १९४० च्या दशकात 'रेंजर' हा रोगप्रतिकारक वाण प्रसारित झाला. १९५३ मध्ये विस्कॉन्सिनमधून 'व्हर्नल' हा वाण आला. या वाणांनी ग्रिमची जागा घेतली.

शेतांतून ग्रिम वाण मागे पडला, तरी त्याचा वंश संपला नाही. १९७७ मध्ये अमेरिकी संशोधकांनी तेथील लसूणघासाच्या वाणांमागे नऊ मूळ स्रोत असल्याचे मांडले. त्यांत ग्रिम ज्यात मोडतो तो विविधरंगी समूह आहे, तसेच लडाक आणि 'इंडियन' हे दोन स्रोतही आहेत.

महाराष्ट्रातील संदर्भ

महाराष्ट्रात लसूणघास हे ओलिताखालील चारापीक आहे. येथे गोठवणारी थंडी नसल्याने ग्रिमसारख्या वाणाची गरज भासत नाही. उलट, थंडीची चाहूल लागताच वाढ थांबविणारे वाण येथे गैरसोयीचे ठरतात, कारण हिवाळा हाच येथे घासाच्या जोमदार वाढीचा काळ असतो. राहुरी येथील महात्मा फुले कृषी विद्यापीठाने विकसित केलेला आर. एल. ८८ हा बहुवर्षायू वाण राज्यात परिचित आहे. एकाच पिकाला दोन हवामानांत परस्परविरुद्ध गुण लागतात, हे या तुलनेवरून स्पष्ट होते. घरचे बी धरणाऱ्या शेतकऱ्यांची परंपरा मात्र दोन्हीकडे सारखीच आहे.

स्मृतिस्थळे

ग्रिम यांच्या शेतावर १९२४ मध्ये त्यांच्या कार्याचे स्मारक उभारण्यात आले. त्यांचे चास्का येथील विटांनी बांधलेले घर आजही उभे आहे. हे शेत व्हिक्टोरिया या गावाजवळील कार्व्हर उद्यानक्षेत्रात असून १९७४ मध्ये त्याचा समावेश अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळांच्या यादीत करण्यात आला.

महत्त्व

ग्रिम लसूणघासाचा इतिहास तीन दृष्टींनी अभ्यासला जातो. वनस्पतिप्रजननाच्या दृष्टीने तो समूह निवडीचे स्पष्ट उदाहरण आहे. जैवविविधतेच्या दृष्टीने पाहता, स्थलांतरितांनी बरोबर नेलेल्या परंपरागत बियाण्यात किती मोलाचे गुण दडलेले असू शकतात हे त्यातून कळते. ज्ञानाच्या इतिहासाच्या दृष्टीने तो एक सूचनाही देतो. उत्तरेत लसूणघास येत नाही असे तज्ज्ञ म्हणत होते त्या वेळी एका परगण्यातील शेतकरी तो दरवर्षी कापून गंजीला लावीत होते. लायमन यांनी ती शेते पाहून विचारपूस केली नसती, तर हे ज्ञान आणखी किती काळ परगण्याच्या सीमेत राहिले असते, हे सांगता येत नाही. संशोधन केंद्राने वाणाची पारख केली आणि तो सर्वदूर पोहोचविला. परंतु मूळ बी तीन दशकांहून अधिक काळ जिवंत राहिले ते शेतकऱ्यांच्या राखणीमुळे.